पदराला लागलेली तिळवण

चंद्रभागाबाईच्या नाकाला अख्खं गाव वचकून असायचं. लोण्याचा गोळा घेऊन बाई अजून अंगणातच असायची आणि ही ओसरीवरून सांगायची, "कालचं हाय. आन् म्हशीला सरकी घालंना झालाव तुम्ही." ज्वारीचं पेव उघडलं, आत वारं खेळू दिलं, की मालक आधी हिला बोलावणं धाडायचा. तोंडाशी वाकून एकदा हुंगलं की खाली कुठवर ओल शिरली ते ती सांगणार, आणि ज्वारी तेवढीच नासलेली निघणार. तुपात डालडा आहे का, कढीत हिंग पडलंय का, सगळं तिच्या नाकाखालून जायचं. शाळा म्हणाल तर भालकीकडच्या त्या गावात निजामाच्या अमदानीत पोरींना कोण पाठवत होतं? पण वाचणाऱ्याला डोळ्यांनी कळत नाही ते आपल्याला नाकानं कळतं, हा तिचा तोरा होता. आणि तोरा काही खोटा नव्हता.

तिचा नवरा तात्याराव गायीच्या जातीचा माणूस. तो म्हणायचा, "देवानं हिला जीभ दिली तेवढी पुरी होती. वर ह्ये नाक कशाला दिलं कुणास ठावं."

म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, त्या सुमाराची गोष्ट. थोरला उद्धव लग्नाचा झाला होता. दसरा पार पडला तसं कोहिनूर गावच्या माणिकरावांची पोरगी बघायचं ठरलं. पोरीचं नाव प्रयाग. घर खाऊनपिऊन सुखी, पोरगी कामाला वाघीण, असं ज्यानं त्यानं सांगितलेलं.

तात्यारावाच्या घरची एक रीत होती. शुभ कामाला निघायचं तर आधी रानात जायचं. रानोरान असतात तसे ह्यांच्याही रानात बाभळीखाली पाच दगड मांडलेले होते. ते पांडव, आणि त्यांच्या शेजारची लक्ष्मी. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला तिथं कडब्याची खोप उभी करायची, दगडांना चुना लावायचा, अंबील आणि मिसळ भाजीच्या भज्जीचा नैवेद्य दाखवायचा. एरवी त्या जागेला औत लावायचं नाही की खुरपं घालायचं नाही. सासूनं बजावून ठेवलेलं, अमावास्येपर्यंत तिथलं गवताचं काडं उपटायचं नाही, ती जागा देवाची. आणि मागणं मागायचं तर उभ्यानं मागायचं नाही. गुडघे टेकायचे, पदर भुईवर पसरायचा आणि मग तोंड उघडायचं.

चंद्रभागाबाईनं पेटीतलं इरकली लुगडं काढलं. रेशमी काठापदराचं ते एकच. ते पाण्यात घालायचं नाही, नेसून आलं की सावलीत वारं द्यायचं आणि घडी घालायची. ते नेसून ती रानात गेली, नारळ फोडला, पदर पसरला. "माय," ती म्हणाली, "कुळाला शोभल अशी सून दे. आजवर मी कुणाला नाक मुरडू दिलं न्हाई, पुढंबी देऊ नको." मग पदर झटकून डोक्यावर घेतला आणि बांधाबांधानं सडकेला जाऊन नवऱ्यासंगं बस धरली. बसमध्ये बिड्यांचा धूर, डिझेल, कुणाच्या तरी पाटीत कोंबड्या. तिथं कुठलं नाक चालतंय.

कोहिनूरला माणिकरावांनी आणि त्यांच्या बायकोनं, विमलबाईनं, चांगलं आदरानं घेतलं. पोरंटोरं डोकवायला लागली म्हणून मधल्या घराचं दार लोटलं. आत उकडत होतं. प्रयाग शिऱ्याची ताटली ठेवून पाया पडायला वाकली, आणि चंद्रभागाबाईनं पाय जवळ घेताना पदर पुढं ओढला. तेवढ्यात तो वास आला.

उग्र. चिकट. हिंगाच्या जुन्या डबीत कुणी घामाचं फडकं कोंबून ठेवावं तसा. चंद्रभागाबाईनं तोंड बाजूला केलं. फार नाही, जरासंच. पण प्रयागनं ते पाहिलं. पायाला लागलेला तिचा हात तिथंच थबकला, मग तिनं तो उचलून कपाळाला लावला आणि आत गेली.

त्यानंतर चंद्रभागाबाईनं स्वयंपाकाचं विचारलं नाही, विणकामाचं विचारलं नाही. शिरा तसाच ठेवून, "कळवतो," म्हणून उठली.

वाटेत तात्याराव म्हणाला, "पोरगी चांगली वाटली की गं."

"नाकानं बघितलाव का?"

"पोरगी नाकानं कोण बघतंय?"

"मी," चंद्रभागाबाई म्हणाली, आणि तो विषय तिथं मिटला.

तो वास ओळखीचा आहे असं तिला सारखं वाटत होतं. लहानपणापासूनचा कुठला तरी. पण एकदा तो माणसाच्या अंगाचा म्हणून मनात बसला, मग त्याला दुसरं घर सापडेना. माणूस स्वतःच्या शहाणपणात असा अडकतो की सुटायची वाट समोर असून दिसत नाही.

एवढ्यावर राहिलं असतं तरी बरं. नको असलेल्या स्थळाला 'पत्रिका जमली नाही' म्हणायची सोय वाडवडिलांनी करून ठेवली आहे. पण पुढच्या बाजाराला ती भालकीला गेली आणि बांगडीवाल्या दानम्मापुढं हात देऊन बसली. दानम्माच्या कापडी पालाखाली चार गावांच्या बाया असायच्या. बांगडी चढेपर्यंत हात अडकलेला, तोंड मोकळं. दानम्मानं तिच्या कानडी वळणानं विचारलं, "येन अक्का, कोहिनूरचं काय झालं?"

बाया ऐकायला लागल्या. चंद्रभागाबाईला तसं ऐकणारं कुणी समोर असलं की आवरायचं नाही.

"पोरगी सोन्यासारखी हाय," ती म्हणाली. "पण अंगाला वास हाय. माझ्या नाकाला न्हाई सोसायचा. दुसऱ्या कुणाचं नाक चोंदलेलं असंल तर करावी खुशाल."

बाया खदखदून हसल्या. दानम्मा "अय्यो" म्हणाली, पण हसली तीही. चंद्रभागाबाईच्या नाकाचं पारखणं म्हणजे त्या भागात सरकारी शिक्का. त्यावर फेरविचार नव्हता.

तुळशीची लग्नं लागली आणि दुसरं स्थळ आलं, खटकचिंचोळीचं. चंद्रभागाबाईनं तेच लुगडं काढलं, पांडवांपुढं तसाच पदर पसरला, तशीच बस धरली.

चिंचोळीच्या घरात कारभार म्हातारीच्या हाती, सावित्रीबाईच्या. मुलीची आजी. दात गेलेले, पण बोलणं शाबूत. पोरगी अजून आत आवरत होती. सावित्रीबाईनं पाहुण्यांना घोंगडीवर बसवलं आणि सुरू केलं, "आमची नात काळीसावळी हाय, आधीच सांगते. पण त्या कोहिनूरच्या पोरीसारखं काय न्हाई बरं का."

चंद्रभागाबाई सावध झाली. "कोहिनूरची कोण?"

"माणिकरावाची प्रयाग. माझ्या भाच्याच्या पोरासाठी सगळं ठरत आलंवतं. सुपारी फोडायची तेवढी राहिलीवती. आन् भालकीच्या बाजारातनं बातमी आली, पोरीच्या अंगाला वास हाय म्हनून. मोडलं की. दिवाळीच्या आधी तिच्या चुलतीच्या घरी बारसं झालं. ही लेकरू घ्यायला पुढं झाली तर बायांनी पदर नाकाला लावलं. तवापासनं पोरगी न्हाणीतनं निघंना झालीय म्हनं. खरबरीत वजरीनं अंग घासू घासू कातडं सोललंय."

तात्यारावानं कपातला चहा संपलेला असून कप तोंडाला लावला.

"बाजारात कुणी सांगितलं?" चंद्रभागाबाईनं विचारलं. 

"कुणी तरी मोठ्या नाकाची बाई बघून गेलीवती म्हनं. नाव काय मला सांगितलं न्हाई. नाव कळलं असतं तर मी तिलाबी हुंगून बघितलं असतं." म्हातारी आपल्याच बोलण्यावर खुदखुदली.

चंद्रभागाबाईला तोंड लपवावंसं वाटलं. तिनं पदर कपाळावरून खाली ओढला, गालापर्यंत. आणि तो वास आला. तोच. हिंगाची डबी, घामाचं फडकं.

तिच्या मनात पहिलं काय आलं असेल? हे सांगायला लाज वाटावी, पण आलं तेच आलं: ह्या घरची पोरगीसुद्धा? आणि मग तिनं आतल्या दाराकडं पाहिलं. दार बंद होतं. पोरगी अजून खोलीत आलीच नव्हती.

सावित्रीबाईचं नाक हललं. म्हातारी पुढं सरकली, चंद्रभागाबाईच्या पदराचं टोक चिमटीत धरलं आणि त्यावरून काहीतरी ओढून काढलं. ते कापडाला असं चिकटलेलं, की निघताना रेशमाचा एक धागा घेऊन निघालं.

"राग मानू नका अक्का," ती म्हणाली. "तुमच्या पदराला तिळवण लागलीय. घरी कुणाचा कान फुटलाय काय? आमीबी हिचाच रस घालतो कानात."

तिच्या तळहातावर बोटाएवढी बारीक शेंग होती, मुगाच्या शेंगेचं पोर वाटावं अशी, वर लव, हाताला चिकटणारी. शेंगेला एक पिवळी पाकळी अजून लागून होती.

पिवळी तिळवण. चंद्रभागाबाईनं स्वतःच्या पोरांच्या कानात तिचा रस पिळला होता. उद्धव तान्हा असताना ती आणायला गड्याला कुठं पाठवायची, तेही तिला आठवलं. "जा रं, पांडवांपाशी लई उगवलीय, उपटू नको, पाला तेवढा आण," म्हणायची.

नंतर पोरगी आली, पाया पडली, गेली. चंद्रभागाबाईला तिचं तोंड आठवत नाही.

गावच्या सडकेला उतरल्यावर ती घराकडं वळली नाही. तशीच रानात गेली, आणि तात्याराव मागं मागं. बाभळीखाली पांडवांचे दगड दिसतच नव्हते, इतकी तिळवण माजलेली. कमरेएवढी. वर चार-चार पाकळ्यांची पिवळी फुलं, चारही पाकळ्या एकाच बाजूला झुकलेल्या, जणू कुणाकडं पाठ केलेली. खाली उभ्या शेंगा. मध्ये गुडघे टेकायच्या जागी तेवढी दबलेली, आणि त्याच्या पुढं, पदर पसरायच्या जागी, चेंगरून काळी पडलेली.

रानात तो रानाचाच वास, म्हणून तिथं तो तिला कधी वेगळा जाणवला नव्हता. तिनं एक शेंडा मोडला, हुंगला. मग पदर हुंगला. मग पुन्हा शेंडा.

तरी माणसाचं मन किती लबाड. तिला वाटलं, ही काय फक्त आपल्याच रानात उगवते? कोहिनूरलाही असेल. पोरीच्या परसात असेल, तिच्याही अंगाला लागली असेल. ही कुठंही उगवते का ते बघायला ती आपलं रान धुंडायला निघाली. तुरीत शिरली, नाही. ज्वारीच्या पाट्यात पाहिलं, नाही. काळ्या रानात औत फिरतं, तिथं तिळवण तग धरत नाही. मुरमाड बांधावर चार-दोन खुरटी रोपं, पडक्या गोठ्याच्या भिंतीला एखादं. जिथं माणसाचा हात लागत नाही तिथं ती वाढते. आणि त्या दिवशी पाहिलेलं माणिकरावांचं परस तिला डोळ्यांपुढं दिसत होतं, शेणानं सारवलेलं, आळं केलेली मेथी, एक काडी इकडं न तिकडं. तिथं तिळवण कुणी उगवूच दिली नसती.

ती बांधावर बसली. तात्याराव म्हणाला, "सोड आता. बाजारातलं बोलणं बाजारात विरतंय. मिळंल पोरीला कुठंबी."

"विरलं न्हाई," चंद्रभागाबाई म्हणाली. "चिंचोळीपातूर आलं. माझ्याच कानात घातलं म्हातारीनं."

"मग काय करावं म्हनतीस?"

ती उठली आणि घराच्या वाटेला लागली. 

दोन-तीन दिवस तिनं घरात कुणाच्या कामात खोड काढली नाही. गडीमाणसं घाबरली, बाई आजारी आहे काय म्हणून. शेजारणीनं तूप हुंगायला आणलं तर, "मला कळत न्हाई, घिऊन जा," म्हणाली. मग एका सकाळी ते लुगडं तसंच, न झटकता, एका धडप्यात बांधलं आणि ती कोहिनूरला गेली. तात्याराव येतो म्हणत होता, त्याला नको म्हणाली.

विमलबाई दारात उभी होती. ती 'या' म्हणाली नाही, 'जा' म्हणाली नाही. चंद्रभागाबाई आपणच आत येऊन भुईवर बसली. घोंगडी कुणी टाकली नाही, आणि टाकली असती तरी ती त्यावर बसली नसती.

"पोरीला बोलवा," ती म्हणाली.

प्रयाग आली. केस ओले. हात कोपरापर्यंत लाल, जागोजागी खरडलेले. ती दाराच्या चौकटीला धरून लांबच उभी राहिली. लांब उभं राहायची तिला सवय लागली होती, हे दिसत होतं.

चंद्रभागाबाईनं गाठोडं सोडलं.  तिनं पदराचा शेंगा लागलेला भाग पुढं केला, आणि म्हणाली, "वास माझ्या लुगड्याचा हुता. रानातली तिळवण लागलीवती. तुझा न्हाई."

विमलबाईनं पदर हातात घेतला, हुंगला, आणि खाली टाकला. तिच्या डोळ्यांत काय उतरलं ते चंद्रभागाबाईनं पाहिलं नाही. तिनं भुईकडं पाहिलं.

प्रयाग मात्र जागची हलली नाही. "मला ठावं हाय मावशी," ती म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"त्या दिवशी मी वाकले तवा मला तुमच्या पदराचा वास आलावता. तिळवणीचाच. मला वाटलं, मोठ्या माणसाला कसं सांगावं. चारचौघांत तुमचा पाणउतारा व्हईल म्हनून गप बसले." तिनं आपल्या हाताकडं पाहिलं. "मग सगळीच म्हनायला लागली. बारशाला तर माझी चुलतीबी बाजूला झाली. मग मला वाटायलं, माझाच असंल. आपला वास आपल्याला कळत न्हाई म्हनत्यात."

चंद्रभागाबाईला कुणी तोंडावर थुंकलं असतं तर सोसलं असतं. हे सोसेना. ज्या पोरीला तिनं वासाची ठरवली, तिचं नाक हिच्याइतकंच तिखट निघालं, आणि जीभ हिच्याहून शंभरपट शहाणी.

"माझ्या घरी चल," ती म्हणाली. "सून म्हनून. मी तुला डोक्यावर ठिवीन."

विमलबाईनं लेकीकडं पाहिलं. आईच्या तोंडावर आशा आलेली चंद्रभागाबाईला दिसली, आणि तिला त्याचीही लाज वाटली. एवढं झाल्यावरही त्या बाईला हे घर चालत होतं, कारण दुसरं कुठलं उरलं नव्हतं.

"न्हाई मावशी," प्रयाग म्हणाली. "तुमच्या घरी मी आले तर लोक म्हनतील, पाप फेडायला आणली. वास हायच म्हनतील, दया केली म्हनतील."

"मग काय करू? सांग. तू सांगशील ते करते."

"जिथं बोललाव तिथं जावा. असंच लुगडं घिऊन जावा. तोवर धुवू नका."

एवढं बोलून ती आत गेली. आत न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज आला नाही, एवढंच चंद्रभागाबाईनं ऐकलं आणि ती उठली.

भालकीच्या बाजाराच्या दिवशी दानम्माच्या पालाखाली बाया दाटल्या होत्या. चंद्रभागाबाई आली तसं दानम्मानं जागा केली. "बा अक्का, बैस. हात दे."

हाताऐवजी चंद्रभागाबाईनं गाठोडं पुढं ठेवलं आणि सोडलं. उन्हात तापलेलं ते इरकली उघडलं तसा वास पालभर पसरला. बायांनी तोंडं वेंगाडली.

"येन अक्का हे? काय आणलीस?"

"कोहिनूरच्या पोरीचा वास," चंद्रभागाबाई म्हणाली. "घ्या, हुंगा."

कुणी पुढं होईना. मग कडेची एक म्हातारी वाकली, पदर नाकाशी नेला आणि म्हणाली, "अगं, ही तर तिळवण."

"व्हय. माझ्या रानातली. माझ्या पदराची. ही अंगावर घिऊन मी पोरगी बघाया गेले, आन् माझी घाण तिच्या अंगावर टाकून आले. पोरगी सोन्यासारखी हाय म्हनलेवते, तेवढंच खरं हुतं."

 मग एक तरुण बाई हसली. "म्हंजी ती मोठ्या नाकाची बाई तुम्हीच व्हय?"

"मीच."

"एवढं मोठं नाक आन् स्वतःचा पदर कळंना?"

"कळंना, माय."

आता सगळ्याच हसल्या. चंद्रभागाबाईच्या तोंडाशी त्या पोरीला उत्तर आलं होतं, चांगलं झणझणीत, तिच्या सासूच्या चौथ्या पिढीपर्यंत पोचेल असं. तिनं ते गिळलं. नवीन बाई पालाखाली आली की ती पदर पुढं करायची आणि पुन्हा तेच सांगायची, कमी न करता, जास्त न करता. कुणी कीव केली, कुणी टोमणा मारला, एकीनं, "बरं झालं सांगितलाव, आमच्या दिराचा पोरगा लग्नाचा हाय," असं म्हणून कोहिनूरचं घर कुठल्या आळीला ते विचारून घेतलं.

उन्हं कलली. बाया पांगल्या. दानम्मानं बांगड्यांच्या दोऱ्या आवरता आवरता म्हटलं, "अक्का, आता तरी हात दे. रिकामी जाऊ नको."

चंद्रभागाबाईनं हात पुढं केला. दिवसभर ते लुगडं धरून बसलेला, चिकट झालेला हात. दानम्मानं तो धरला, अंगठा आत दाबला, हिरवी बांगडी चढवायला घेतली.

आणि तोंड बाजूला केलं. फार नाही, जरासंच.